उजळाईवाडी ते रेणिगुंटा

तिरुपती म्हणजे हरिप्रिया एक्सप्रेस, हे आमच्या घरात ठरलेलं. कोल्हापुरात बसायचं आणि मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. रूळ सुमारे 900 किलोमीटरचे, वेळ वीस तासांच्या वर. 2019 मध्ये कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झालं तेव्हा आईला म्हटलं, यंदा उडून जाऊ. ती म्हणाली, "मग दशम्या किती करू?"

नकाशावर दोन्ही विमानतळ सरळ रेघेनं जोडले तर अंतर साधारण 655 किलोमीटर भरतं. विमान एटीआर, म्हणजे पंख्यांचं. वेग ताशी 500 च्या आसपास. माझ्या हिशेबानं सव्वा तास, फार तर पाच मिनिटं जास्त. तिकिटावर मात्र दीड तासाच्या वरचा वेळ! आधी वाटलं, उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणायला ठेवलेली ही पळवाट. थोडी ती असतेही. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं, चढता-उतरतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचा वळसा, सगळं त्यातच. वारा उलटा असला की आणखी थोडी भर.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, राजाराम महाराजांच्या काळातला, 1939 चा. राजारामपुरीतून तिथं पोचायला आम्हाला अर्धा तासही लागला नाही. बसून राहिलो मात्र दीड तास. एटीआरला मागच्या दारानं चढतात. आईला ते एसटीसारखं वाटलं आणि तिची भीती तिथंच निम्मी झाली.

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खाली सगळं दिसतं. उसाचा हिरवा रंग लवकरच संपला. पुढं काळी रानं. मग उजव्या हाताला पाण्याचा मोठा पत्रा चमकला, तो तुंगभद्रेचा जलाशय. बळ्ळारीच्या बाजूला डोंगर खणून काढल्यासारखे तांबडे. रेल्वेनं जाताना हा पट्टा कायम अंधारात जायचा, आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आईचं मात्र वेगळंच चाललेलं. "गुंतकल गेलं काय रे?" गेलं, डावीकडून, म्हटलं. "चहा नाही, काही नाही, आणि गेलं?" लोंढ्याचा पाऊस, गुंतकलचा पहाटेचा चहा, यावर तिचा रस्ता मोजलेला. किलोमीटर तिला कुणी विचारलेच नव्हते.

शेषाचलमचे डोंगर दिसले आणि विमान उतरू लागलं. दारं बंद झाल्यापासून उघडेपर्यंत घड्याळात एक तास चौतीस मिनिटं.

तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला, तिथून गाडी केली. डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीच्या नाक्यावर झडती झाली आणि पावतीवर वेळेचा शिक्का पडला. ड्रायव्हर घाटात बैलगाडीसारखा चालवायला लागला. मी घाई केली तर त्यानं पावती दाखवली: वरच्या नाक्यावर 28 मिनिटांच्या आत पोचलं तर दंड. अपघात टाळायला केलेला नियम. ताशी 500 नं आलेलो आम्ही आता लवकर पोचू नये म्हणून वळणावळणाला रेंगाळत होतो.

आई एकदम खुशीत आली. "आता कसं गाडीत बसल्यागत वाटतंय," म्हणत तिनं दशम्यांचा डबा उघडला आणि पहिली ड्रायव्हरच्या हातावर ठेवली.