भाडेकरू डॅनिश, घरमालक भोसले

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांपाशी जरा हळवा होतो आणि मग कुंभकोणमला नाहीतर रामेश्वरला निघून जातो. तंजावरहून सरळ पूर्वेला, समुद्राकडे जावं असं सहसा कुणाला वाटत नाही. आम्ही गेलो. हट्ट माझा होता, सामान नवऱ्याच्या खांद्यावर. मैलाडुदुरैपर्यंत रेल्वे, पुढे बस, आणि मग तरंगंबाडी. डॅनिश लोक या गावाला ट्रांकेबार म्हणत.

डेन्मार्कची भारतात वसाहत होती म्हटलं, की आपल्याकडची चांगली शिकलेली माणसंही “हॉलंड म्हणायचंय का तुला?” असं विचारतात. त्यांचा दोष नाही. इंग्रजांनी आपल्या इतिहासाची इतकी पानं अडवलीत, की डॅनिशांच्या वाट्याला तळटीपच येते. चौथ्या ख्रिश्चन राजानं १६१६ मध्ये कंपनी काढली, १६२० मध्ये ओव्ह गेडे नावाचा तरुण दर्यासारंग इथे आला आणि त्यानं तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला. गाव मिळालं, किल्ला बांधायची परवानगी मिळाली, आणि बदल्यात दरसाल ठरलेली रक्कम तंजावरला भरायची. सरळ भाडेकरार! पुढे १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं. घरमालक बदलला, भाडेकरू तेच राहिले. म्हणजे डेन्मार्कचा राजा आपल्या भोसल्यांना भाडं देत होता. हे कळल्यावर मी त्या गावात जरा वेगळ्याच ऐटीत हिंडू लागले, हे कबूल करते. ओटीभरणाला आलेली बाई घराचा रंग उडालाय का ते बघत हिंडते ना, तशी.

भाडेकरूही काही साधे नव्हते. १६५० मध्ये कोपनहेगनमधली कंपनीच गुंडाळली गेली, पण ते इथल्या लोकांना सांगणार कोण? जहाज येईना, पगार येईना, माणसं एकेक करून तापानं मेली. शेवटी एस्किल्ड अँडरसन काँग्सबाक्के हा एकच डॅनिश माणूस उरला. त्यानं हाताशी असलेले स्थानिक शिपाई धरून किल्ला राखला, बंगालच्या उपसागरात लोकांची जहाजं लुटून खर्च भागवला आणि गावाभोवती तटही बांधला. १६६९ मध्ये डेन्मार्कहून जहाज आलं, तेव्हा झेंडा तिथेच होता. मालक विसरला तरी राखणदारानं जागा सोडली नाही, असली निष्ठा पाहून कौतुक करावं की डोक्याला हात लावावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्या मंडळींशीही त्यांचं वाजलं. व्यंकोजीराजांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे यांनी १६९९ मध्ये गावाला वेढा घातला. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली म्हणून डॅनिश बचावले. हे मी नवऱ्याला किल्ल्याच्या गच्चीवर, भर उन्हात, पूर्ण सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आपण हरलो.” मी म्हटलं, “वेढा उठला.” त्यावर आम्ही दोघंही समुद्राकडे बघत बसलो.

या गावात पाहण्यासारखं जे आहे ते अर्ध्या दिवसात संपतं. १७९२ ची वेस, तिच्यातून सरळ जाणारा राजरस्ता, दोन चर्च, मैदान, मैदानापलीकडे पिवळसर डॅन्सबोर्ग किल्ला. संपलं. सहलीच्या गाड्या म्हणूनच येतात आणि जेवायच्या वेळेला वेलंकन्नीला पळतात. राहायला हवं ते त्यानंतर. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आमची खोली एका जुन्या घरात होती. भिंती हातभर जाड, छत इतकं उंच की पंख्याचा वारा खाली पोचेपर्यंत विचार बदलत असावा. वीज गेली तरी खोली थंडच. युरोपातल्या माणसाला या उन्हात जगायला काय काय लागलं, ते पुस्तकापेक्षा त्या भिंतीला पाठ टेकल्यावर जास्त कळतं.

संध्याकाळी मैदानात पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू तटाजवळ गेला की चार धावा. कोळणी मासे सुकवतात, आणि तो वास मला थेट हर्णैला घेऊन गेला. जेवायला केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. तंजावरच्या मराठी दरबारातच सांबार जन्मलं, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं देव जाणे, पण आमसूल संपलं म्हणून चिंच घालणारा आचारी मला मनापासून पटतो.

गावाचा खरा ऐवज मात्र छपाईचा. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा जर्मन पाद्री १७०६ मध्ये इथे उतरला. तमिळ शिकायला तो पोरांबरोबर वाळूत अक्षरं गिरवत बसला, असं सांगतात. डॅनिश अधिकाऱ्याशी बिनसलं, तेव्हा याच किल्ल्यात चार महिने कैदेत होता. पुढे छापखाना आला. जर्मनीहून आलेले तमिळ टाइप फारच मोठे, कागद खाऊन टाकणारे. मग लहान टाइप इथेच ओतले. त्यासाठी इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं शिसं वितळवलं म्हणतात. १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला होता. झीगेनबाल्ग १७१९ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेला. त्यानंच बांधलेल्या चर्चमध्ये त्याचं थडगं आहे. आपल्यालाही या मंडळींचं देणं लागतं: विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, आणि तेही डॅनिशांचंच गाव.

१८४५ मध्ये ही दोन्ही गावं इंग्रजांनी साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. व्यापार आधीच आटला होता. पुढे रेल्वेही नागपट्टिनमला गेली, आणि तरंगंबाडी बंदर म्हणून संपलं. संपलं म्हणूनच शिल्लक राहिलं असणार. भरभराट झाली असती तर राजरस्त्यावर आज काचेच्या इमारती असत्या.

किनाऱ्यावर मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, १३०६ मधलं, पांड्य राजाच्या काळचं. त्याचा बराचसा भाग समुद्रानं नेलाय. २००४ च्या त्सुनामीनंतर पुढे दगडांचे बांध घातलेत. बाजूला नवं देऊळ उभं आहे आणि पूजा तिथे चालते.

निघायच्या दिवशी रिक्षावाल्यानं विचारलं, “कारैकालला सोडू का? जवळच आहे, तिथे फ्रेंच होते.” नवरा उत्साहानं पुढे झाला, तेव्हा रिक्षावाल्यानं आवाज खाली आणून भर घातली, की तिथे पेट्रोल स्वस्त मिळतं, आणि दुसरंही.