सुई सापडेना

शर्टाचं वरून दुसरं बटण आठवडाभर लोंबत होतं. लोंबणारं बटण तुटलेल्या बटणापेक्षा जास्त छळतं. तुटलं की विषय संपतो, लोंबतं तोवर "आजचा दिवस निघेल" असं रोज सकाळी वाटत राहतं. शेवटी एका रविवारी दुपारी सुई-दोरा घेऊन बसलो. ओवण्यातच चारपाच मिनिटं गेली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून वळलं, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. पहिला टाका सरळ गेला, दुसराही गेला. तिसऱ्याला सुई बटणाच्या भोकातून वर यायची ती थेट तर्जनीत घुसली.

"आई गं!" हातातलं सगळं खुर्चीवर भिरकावलं आणि बोट धरून बघत राहिलो. क्षणभर काहीच दिसेना. मग एक बारीक लाल ठिपका आला. ठिपक्याचा मणी झाला, गोल गरगरीत, पोटात खिडकीचं इवलंसं प्रतिबिंब घेऊन. जरा हललो असतो तर ओघळला असता. बोट तोंडात घातलं आणि जिभेवर ती जुनी ओळखीची चव आली. लहानपणी उगाचच खिडकीच्या गजाला जीभ लावून पाहायचो, तेव्हा लागायची तीच.

"चष्मा न लावताच बसलास ना शिवायला?" आतून बायकोचा आवाज आला. हा प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर दिलं नाही. "आणि सुई उचल आधी. कुणाच्या तरी पायात जाईल."

सुई उचलायला खाली पाहिलं, तर सुई नव्हती.

घरात सुई हरवली की चालायची रीतच बदलते. सगळे टाचा उचलून, भिंतीकडेने फिरू लागतात. मी गुडघ्यांवर आलो. आठ वर्षांची लेक धावत जाऊन फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन आली. ते फरशीवरून फिरवायचं, सुई आपोआप चिकटेल, अशी तिची योजना होती. योजना चांगलीच होती. पण तिला स्वतःला ती दोन मिनिटांतच कंटाळवाणी वाटली आणि तिने चुंबक माझ्या बोटाला लावलं.

"बाबा, रक्तात लोखंड असतं ना?"

"असतं."

"मग तुझं बोट का नाही चिकटत?"

मोठ्यांच्या शास्त्रज्ञानाची परीक्षा अशी गुडघ्यांवर असतानाच होते. मी म्हणालो, की रक्तातलं लोखंड सुईसारखं एकगठ्ठा नसतं. त्याचा एकेक अणू हिमोग्लोबिनच्या घडीत वेगवेगळा बसवलेला असतो. सुईत अब्जावधी अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात, म्हणून चुंबकाचं ऐकतात. रक्तातले सुटे पडतात, आणि ऑक्सिजनने त्यांचा हात धरला की चुंबकापासून ते किंचित दूरच सरकतात. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ साली दाखवून दिलं. मेंदूचा कुठला भाग आत्ता कामात आहे हे एमआरआयवर पाहतात, ते रक्ताच्या याच खोडीच्या आधाराने. लेकीने "अच्छा" म्हटलं आणि ती खुर्चीखाली शिरली.

मी मात्र तिथेच अडकलो. टोचणारी सुई लोखंडाची, आणि जे बाहेर आलं त्यातही लोखंड. तो एक मणी म्हणजे कित्येक कोटी लाल पेशी, आणि प्रत्येक पेशीत लोखंडाचे शंभर कोटींहून जास्त अणू. हे दोन्हीकडचं लोखंड एकमेकांना ओळखत असेल का? गुडघ्यांवर रांगताना माणसाला असले प्रश्न पडतात.

ओळख असायला हरकत नाही, कारण दोघांचं माहेर एकच. लोखंड पृथ्वीवर तयार होत नाही, आपल्या सूर्यातही होत नाही. त्याला मरणारा तारा लागतो. सूर्याच्या पंचवीसपट वजनाचा तारा हायड्रोजन जाळत लाखो वर्षं सुखाने काढतो, पुढची इंधनं मात्र भराभर संपवत जातो. शेवटच्या टप्प्यात सिलिकॉन जाळून लोखंडाचा गाभा होईपर्यंत त्याच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. पुढे रस्ता बंद. लोखंडाचे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा सुटत नाही, उलट खर्चच होते. गाभा कोसळतो आणि तारा फुटतो. दुसरा मार्ग श्वेतबटूंचा. विझलेला, आकसलेला तारा शेजाऱ्याचं द्रव्य ओढत राहतो आणि सूर्याच्या १.४ पट वजनाच्या आसपास आला की अख्खाच उडतो. विश्वातलं बरंचसं लोखंड या दुसऱ्या प्रकारचं आहे.

तो १.४ चा आकडा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा. १९३० साली, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर त्यांनी ते गणित मांडलं. १९३५ मध्ये आर्थर एडिंग्टन या बड्या खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत त्याची टिंगल केली. नोबेल यायला १९८३ उजाडलं, आणि ते ज्या विल्यम फाउलर यांच्याबरोबर वाटून मिळालं, त्यांनी १९५७ साली तिघा सहकाऱ्यांसोबत, म्हणजे बर्बिज दांपत्य आणि फ्रेड हॉईल यांच्यासह, ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात यावर शंभराहून जास्त पानं लिहिली होती. माझ्या बोटातल्या थेंबाला त्या वर्षीचं नोबेल निम्मं निम्मं दोन्हीकडून लागू होतं. असो.

या सगळ्यात मला सर्वात आवडते ती एक बारीक गोष्ट. स्फोटात थेट लोखंड बनत नाही. आधी किरणोत्सारी निकेल बनतं, ते काही दिवसांत कोबाल्ट होतं, आणि कोबाल्टचं निम्मं निम्मं होत दर ७७ दिवसांनी लोखंड होत जातं. स्फोटानंतर तारा महिनोन्‌महिने चमकत राहतो तो या बदलत्या अणूंच्या उजेडात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, असा एक स्फोट दिसला. त्याचा उजेड नेमका कोबाल्टच्या हिशेबानेच मावळत गेला, कोबाल्टची गॅमा किरणंही पकडता आली. तिथे जवळपास वीस हजार पृथ्वींच्या वजनाचं लोखंड तयार झालं असा हिशेब आहे. म्हणजे लोखंड जन्माला येताना माणसांनी पाहिलंय. तोवर आपण ते फक्त वापरत होतो.

'पिंडी ते ब्रह्मांडी' हे आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं, की म्हणणाऱ्याला आपण काही बोललो हे कळतही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. हे वाक्य नेहमी माणसाची मान ताठ करायला वापरतात. तुमच्यात तारे आहेत वगैरे. अहो, तारे पायपुसण्यातही आहेत. कडी-कोयंडा, पंख्याचा स्क्रू, बिजागरी, सगळे त्याच घराण्यातले. तारा फुटला म्हणून कुणी थोर होत नाही.

सुईचा प्रवास तर माझ्यापेक्षा रंजक. पृथ्वीवरचे लोहखनिजाचे मोठमोठे थर समुद्रात साठलेले आहेत. दोन-अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि ते लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, लाल थरावर लाल थर. आपण तो गंज खणून काढतो, भट्टीत घालतो, ऑक्सिजन हाकलून देतो आणि टोकदार सुई करतो. मग ती डब्यात ठेवून विसरतो आणि ती पुन्हा गंजते. तिच्या दृष्टीने हे चकचकीत दिवस म्हणजे दोन गंजांमधली सुट्टी.

रक्तही तेच लोखंड, तोच ऑक्सिजन. पण इथे लोखंड ऑक्सिजनचा हात धरतं आणि सोडतं. फुप्फुसात धरायचा, पायाच्या अंगठ्यापाशी सोडायचा, परत यायचं. कायमचा धरला की संपलं. जिवंत असणं म्हणजे काय याची यापेक्षा मोठी व्याख्या मला तरी सुचत नाही: गंजायच्या बेतात असलेलं लोखंड वर्षानुवर्षं गंजू न देणं.

आणि हे करणारा 'मी' कोण, तर तिथे सगळीच भाडोत्री व्यवस्था. लाल पेशी एकशेवीस दिवस जगते. शरीर दर सेकंदाला वीसेक लाख नव्या बनवतं, तितक्याच जुन्या मोडीत काढतं. लोखंड मात्र फेकत नाही. मेलेल्या पेशीतून काढून नव्या पेशीत घालतं, जुन्या शर्टाची बटणं कापून डबीत ठेवणाऱ्या बायांसारखं. अंगात सगळं मिळून चारेक ग्रॅम लोखंड, एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातलं रोज एकदोन मिलिग्रॅम जातं, तितकंच अन्नातून येतं. जातं त्यात जुनं-नवं मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिलं लोखंड पुरतं संपायला एक आयुष्य पुरत नाही. काही अणू जन्मापासूनचे उरतातच.

आता, जन्मापासूनचे म्हणजे कुठले? मी जन्माला आलो तेव्हा माझ्या अंगात जे लोखंड होतं, ते सगळं आईच्या रक्तातून आलेलं. नाळेवाटे एकेक अणू मोजून तिने दिलेला, स्वतःचं कमी पडलं तरी. तिच्यात थोडं तिच्या आईचं होतं. ताऱ्यापासून माझ्यापर्यंत लोखंड आलं असेल खुशाल कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून, माझ्या हातात ते दिलं एका बाईने, आणि तीही आता नाही. सुई टोचल्यावर तोंडातून 'आई गं' निघालं, तेव्हा मी नेमकं ज्याचं होतं त्याचंच नाव घेतलं होतं.

"बाबा, हे बघ!" लेकीने चुंबक नाकासमोर धरलं. सुई नव्हती. चुंबकाच्या कडेला केस, दोऱ्याचे तुकडे आणि काळे बारीक कण चिकटले होते.

"हे काय आहे?"

कण कुठलेही असू शकतात, बहुधा गाड्यांच्या ब्रेकमधून नाहीतर कुठल्यातरी यंत्रातून झिजलेले. पण पृथ्वीवर वरूनही दरवर्षी हजारो टन धूळ पडते. नॉर्वेचा जॉन लार्सन हा जॅझ गिटारवादक, त्याने शहरातल्या घरांच्या छपरांवरची धूळ चुंबकाने गोळा करून त्यातून उल्काकण वेचले. शहरात ते सापडणं शक्य नाही असं तज्ज्ञ म्हणत होते. २०१७ साली त्यातल्याच एका तज्ज्ञाने त्याला सहलेखक करून यावर शोधनिबंध लिहिला. हे मी लेकीला सांगितलं आणि चूक केली. तिने चुंबक कागदावर पुसलं, कणांची पुडी बांधली, वर पेनाने 'उल्का' लिहिलं आणि आपल्या पेन्सिलीच्या डब्यात ठेवून दिलं. फरशी तपासायचं काम आता एकट्या माझ्यावर.

मी पलंगाखाली पाहिलं. कपाटाखाली टॉर्च मारला. चटई झटकली. गुडघे बोलू लागले.

"सापडली का?" पुन्हा आतून.

"नाही अजून."

"शर्ट दे इकडे, गार पाण्यात टाकते. रक्ताचा डाग वाळला की तपकिरी होतो, मग निघत नाही."

डाग? उठलो. खुर्चीवर शर्ट पडला होता, मी भिरकावला तसाच. बटणपट्टीवर मसुराएवढा डाग, कडेने तपकिरी व्हायला लागलेला. बोट सोडून अर्धाही तास झाला नव्हता, तेवढ्यात तिथल्या लोखंडाने ऑक्सिजनची धरसोड थांबवली होती. शर्ट उचलला तर उलट्या बाजूने काहीतरी हललं.

"बाबा, सुई!" लेक ओरडली.

हातभर दोऱ्याच्या टोकाला, अर्ध्या शिवलेल्या बटणाखाली, सुई लोंबत होती.