जुन्या पीसीचा फ्री डिश रेकॉर्डर: माझा अनुभव

आधी मर्यादा सांगतो, म्हणजे उगाच कुणी खर्चात पडायला नको. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचची चॅनेलं स्क्रॅम्बल केलेली असतात. पीसीतलं ट्यूनर कार्ड त्यांचा सिग्नल पकडतं, पण चित्र उघडत नाही. त्यामुळे मी हा रेकॉर्डर बांधला तो दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशसाठी, आणि त्यातही खुल्या एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) चॅनेलांसाठी. सह्याद्री त्यात येतं, घरात मागणीही त्याचीच होती.

पीसी ऑफिसातून निघालेला, दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. याहून जुना ड्युअल कोअरही चालला असता. उपग्रहावरून आलेला प्रवाह आहे तसाच डिस्कवर उतरवायचा असतो, त्यात प्रोसेसरला जवळपास कामच नसतं. १२० जीबीच्या एसएसडीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, रेकॉर्डिंगसाठी १ टीबीची वेगळी हार्डडिस्क लावली आणि दोन ट्यूनर असलेलं डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीचं) पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलं. कार्ड मागवण्यापूर्वी कॅबिनेटची उंची बघा. ऑफिसातली बरीच यंत्रं सडपातळ असतात, त्यात कार्डाची पूर्ण उंचीची धातूची पट्टी बसत नाही. सोबत आखूड पट्टी आहे का, हे आधीच विचारून घ्यावं.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. पुण्याहून हिशेब केला तर दिशा उत्तरेपासून साधारण १३२ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि उंची ५९ अंशांच्या आसपास. ऑफसेट डिश (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) असल्यामुळे ती दिसायला बरीच उभी वाटते. त्याला फसून वर झुकवत बसू नका. लोक दिशा आणि उंची नीट लावतात आणि एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, फिरवायचं विसरतात. आपल्याकडून हा उपग्रह इतका तिरका दिसतो की एलएनबीचा पीळ गणिताने ४५ अंशांच्या घरात जातो. क्लॅम्प सैल करून दोन-दोन अंश फिरवत सिग्नलची गुणवत्ता सर्वांत जास्त कुठे येते ते बघितलं आणि तिथे आवळला. स्ट्रेंग्थचा आकडा बघू नका, क्वालिटीचा बघा. डिश भलत्याच उपग्रहाकडे असली तरी स्ट्रेंग्थ छान दिसते.

घरातला जुना सेट-टॉप बॉक्स चालू ठेवायचा होता, म्हणून दोन आउटपुटचं एलएनबी लावलं. एकाच केबलला स्प्लिटर लावला तर बॉक्स आणि कार्ड दोघंही एलएनबीला व्होल्टेज पाठवतात आणि मग कुणाचं ऐकायचं हा घोळ होतो. आरजी-६ केबलला एफ कनेक्टर लावताना जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला टेकली तरी व्होल्टेज शॉर्ट होतं आणि ट्यूनर गप्प बसतो. जाळी मागे दुमडून, पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या काठाशी अगदी सपाट येईल असं कापायचं. तांबं काठाबाहेर दोनेक मिलिमीटर पुरे. कनेक्टर पीसीला लावण्याआधी तांबं आणि जाळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे मल्टीमीटरने तपासलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड. ते ब्राउझरमधून, ९९८१ पोर्टवर चालवायचं. नेटवर्क डीव्हीबी-एस, एलएनबी युनिव्हर्सल. ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचे प्रक्षेपक, एकेकावर बरीच चॅनेलं असतात) हाताने भरायचे, आणि तिथे शून्यांची गंमत आहे: वारंवारता किलोहर्ट्झमध्ये आणि सिम्बॉल रेट सेकंदाला किती, असा लिहावा लागतो. सेट-टॉप बॉक्सवर ११०९० आणि २९५०० दिसतं, ते इथे ११०९०००० आणि २९५००००० होतं. ध्रुवीकरण व्हर्टिकल. एक शून्य कमी पडलं तर स्कॅन निमूट फेल होतो, का ते सांगत नाही.

एका ट्रान्सपॉन्डरचा पूर्ण प्रवाह ट्यूनरमध्ये येतो, त्यामुळे त्यावरची दोन-तीन चॅनेलं एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. अडतं ते वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरच्या वेळा एकमेकींवर चढल्या की. कार्यक्रम उशिरा सुरू होतात म्हणून मी आधी ३ आणि नंतर १५ मिनिटं जादा ठेवतो. पहिल्याची जादा १५ मिनिटं संपत नाहीत तोवर दुसरा सुरू होतो, आणि ट्यूनर एकच असला तर दुसऱ्याचं रेकॉर्डिंग पडतं. दोन ट्यूनरचं कार्ड घेतलं ते याचसाठी.

साध्या दर्जाच्या चॅनेलला सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर तासाला १.३५ जीबी लागतात. १ टीबीत सातशेहून जास्त तास मावतात, म्हणून मोठी डिस्क घेतली नाही. फाइल टीएस स्वरूपात तशीच ठेवतो. मध्येच वीज गेली तरी तोवरचं सगळं बघता येतं. एमपी४ असती आणि बंद होताना तिची अनुक्रमणिका लिहायची राहिली असती तर सगळीच गेली असती.

एवढं सरळ असतं. खरा त्रास पुढे, यंत्राने एकट्याने राहायला शिकायचं तेव्हा. लाइट जाऊन आली की पीसी आपोआप सुरू व्हायला हवा. त्यासाठी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर 'पॉवर ऑन' ही निवड करावी लागते. मूळ सेटिंग बहुधा 'ऑफ' असतं. जुन्या बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली तर वीज गेल्यावर हे सेटिंगही पुसलं जातं आणि घड्याळही भरकटतं. शिवाय लाइट आली की पीसी राउटरच्या आधी उठतो, म्हणजे इंटरनेटवरून वेळ मिळायलाही उशीर. बॅटरी पहिल्याच दिवशी बदलली आणि वेळ जुळल्याशिवाय टीव्हीहेडएंड सुरू होणार नाही अशी सोय केली.

बायोसच्या अलार्मने यंत्र उठवणार असाल तर एक ध्यानात घ्या. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ६ ला जागं करायचं तर तिथे ००:३० टाकावं लागतं. मी हा खटाटोप सोडून दिला आणि पीसी चालूच ठेवला. ३० वॅट धरले तर महिन्याला २१-२२ युनिट होतात.

डिस्कचा घोळ जास्त कपटी. बूट होताना रेकॉर्डिंगची डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही, तर टीव्हीहेडएंड त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहीत सुटतं आणि ती भरली की सगळी सिस्टिमच ठप्प. डिस्क माउंट नसताना त्या फोल्डरवर इम्यूटेबल (बदलता न येणारं) ही खूण लावून ठेवली, आता तिथे रूटलाही, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यालाही, लिहिता येत नाही. रेकॉर्डिंग फेल होतं पण यंत्र वाचतं. डिस्कची नोंदही एसडीबी अशा बदलू शकणाऱ्या नावाने न करता यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने केली.

कार्डाचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नसला तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ट्यूनर गायब होतो. डीकेएमएस या साधनाने ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो, तरी मी कर्नल अपडेट रोखूनच धरलेत.

टीव्हीवर कोडी या प्लेअरमधून बघताना कबड्डीतल्या धावणाऱ्या पायांना कंगव्यासारखे दाते दिसले तर दोष रेकॉर्डिंगचा नाही. प्रसारण इंटरलेस्ड आहे, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी येतात; प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा.

सगळं जमल्यावर एकदा चालू रेकॉर्डिंगच्या मधोमध मेन स्विच बंद करून, दोन मिनिटांनी लावून बघा. यंत्र उठतं, वेळ जुळते, आणि त्याच कार्यक्रमाची दुसरी फाइल सुरू होते. हे तीनही न सांगता झालं तरच मॉनिटर आणि कीबोर्ड काढून ठेवा.