माझा अनुभव: फोच्या दुकानात नीट जेवायला मला दोन वर्षं लागली

पहिल्यांदा गेलो ते सर्दीमुळे. जानेवारीतला पाऊस, नाक चोंदलेलं, बायको तेव्हा पुण्यात आणि मी इकडे सॅन होजेत रोज मुगाची खिचडी खाऊन वैतागलेलो. ऑफिसातला व्हिएतनामी मित्र म्हणाला की सर्दी झाली की आमच्याकडे फो खातात, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि मांस घातलेला गरम रस्सा, जा आणि वाटीभर पी. म्हटलं बघू.

आता ह्या गावात फोचं दुकान शोधावं लागत नाही. लाखावर व्हिएतनामी माणसं राहतात इथे, व्हिएतनामबाहेर दुसऱ्या कुठल्याच एका शहरात एवढी नाहीत म्हणतात. स्टोरी रोडच्या बाजूला गेलात की एका रांगेत नखं करायचं दुकान, सँडविचचं दुकान, ट्रॅव्हल एजंट आणि मधे फो. नावांमध्ये बऱ्याचदा आकडे. मला आधी वाटायचं ब्रँच नंबर असेल, तर तसं नाही. ५४ असेल तर १९५४, देशाची फाळणी झाली आणि आठ-दहा लाख लोक उत्तरेकडून दक्षिणेत आले ते साल, फो पण त्यांच्याबरोबरच दक्षिणेत पसरला. ७५ असेल तर १९७५, दक्षिणेची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडली ते. एखादा आकडा नुसता शुभ म्हणूनही असतो.

तर आत गेलो. हसून स्वागत वगैरे काही नाही, एका काकूंनी बोटं वर करून किती जण विचारलं, मी एक बोट दाखवलं, त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. बसेपर्यंत समोर चहाची किटली आणि मेन्यू. मेन्यूत सत्तर-ऐंशी पदार्थ, सगळ्यांना नंबर, आणि काकू मिनिटभरात वही घेऊन परत हजर. इथे विचार करायला वेळ देत नाहीत. मी बीफ खात नाही, म्हणून घाईघाईत चिकन असं इंग्लिशमध्ये लिहिलेला पहिला नंबर दिसला त्यावर बोट ठेवलं.

आधी एक ताट आलं. त्यात तुळशीसारखी पानं देठासकट, मोड आलेल्या मुगाच्या लांबलचक पांढऱ्या शेपट्या, लिंबाच्या फोडी, मिरचीच्या जाड चकत्या. मी म्हटलं वा, कोशिंबीर आधी देतात. लिंबू पिळलं आणि अर्धं ताट तसंच खाऊन टाकलं. सांगायला लाज वाटते पण खरं आहे. मग पाचेक मिनिटांत आला बोल, म्हणजे बोल कसला, आपल्याकडे कणीक मळायची परात त्याहून थोडी लहान एवढंच. त्यात रस्सा, तळाला तांदळाच्या चपट्या शेवया, वर चिकन आणि कांद्याची पात. टेबलावर सॉसच्या दोन बाटल्या होत्या, एक काळपट गोड होयसिन आणि एक लाल श्रीराचा, कोंबडा छापलेली. आपला हात चायनीज गाडीवर तयार झालेला, दोन्ही बाटल्या धरून पिळल्या. रस्सा चॉकलेटी झाला, चव गोड तिखट आंबट सगळी एकदम, म्हणजे कोपऱ्यावरच्या मंचाव सूपसारखी. काकूंनी जाता जाता बोलकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. ती नजर अजून आठवते, कारण आमची आजी पांढऱ्या रश्श्यात कोणी लोणच्याचा खार कालवला तर तशीच बघायची.

(त्या कोंबड्याची गोष्ट मात्र भारी आहे. तो सॉस करणारे डेव्हिड ट्रान स्वतः व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून निघालेले, ज्या बोटीतून बाहेर पडले तिचं नाव हुय फाँग, तेच १९८० मध्ये लॉस एंजेलिसला काढलेल्या कंपनीला दिलं. आणि कोंबडा का, तर तिकडच्या बारा प्राण्यांच्या राशीचक्रात त्यांचं जन्मवर्ष कोंबड्याचं.)

सोमवारी मित्राला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसला. आधी त्याने उच्चार सुधारला. फो नाही म्हणायचं, आणि इथे आपल्याला बरं पडतं कारण इंग्रजीवाल्यांना जे लिहिता येत नाही ते आपल्या बाराखडीत सरळ आहे, नुसता 'फ' घ्यायचा, ओठ दातावर टेकवून, तो जरा ओढायचा आणि शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर न्यायचा. फऽ? असा. तरी मी इथे फोच लिहितोय, सवय.

मग तो म्हणाला की बोल आला की कशालाही हात लावायचा नाही, आधी चमच्याने नुसता रस्सा प्यायचा. कारण दुकानदाराची सगळी मेहनत तिथे आहे. हाडं तासन्‌तास मंद उकळत ठेवतात, कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईस्तोवर भाजून त्यात टाकतात, वर चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने. हे ऐकल्यावर मला एकदम घर आठवलं. कांदा जाळावर भाजायचा हे तर आमच्या कोल्हापुरात मटणाच्या वाटणाला रोजचं, आणि मसाला न घालता काढलेलं पाणी म्हणजे अळणी, पाहुणा आला की पहिली वाटी त्याला. मी अळणीच्या वाटीत श्रीराचा ओतून आलो होतो!

आणि मग त्याने सहज विचारलं, तू ते चिकन खाल्लंस त्याचा रस्सा कोंबडीचा होता ना? मी म्हटलं म्हणजे काय, चिकन होतं. तो म्हणाला तसं नसतं, काही ठिकाणी रस्सा एकच असतो, बीफच्या हाडांचा, वरचं मांस फक्त बदलतात. त्या दुकानात नक्की काय होतं ते मी परत जाऊन विचारलं, आणि हो, तसंच होतं. मेन्यूवर एका शब्दाने लिहिलेलं नव्हतं, विचारल्यावर मात्र लगेच खरं सांगितलं, म्हणजे चूक निम्मी माझीच. आईला अजून सांगितलेलं नाही, ती हे वाचत नाही. पण जे बीफ खात नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवा, चिकन आहे का हे विचारायचं नाही, रस्सा कशाचा हे विचारायचं.

उपाय त्यानेच सांगितला, फक्त कोंबडीचा फो करणारी दुकानं वेगळी असतात तिथे जा. फो गा म्हणतात, गा म्हणजे कोंबडी. गंमत अशी की फो मूळचा बीफचाच, आणि १९३९ च्या सुमाराला हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी बीफ विकायला बंदी आली म्हणून लोक कोंबडीकडे वळले असं सांगतात. जुन्या लोकांना तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं म्हणे.

तर असं एक दुकान धरलं आणि खरं शिक्षण तिथे झालं. छोटं, बारा-चौदा टेबलं, टीव्हीवर व्हिएतनामी गाण्यांचा कार्यक्रम, चॉपस्टिक्स आणि चमचे टेबलावरच डब्यात, आपले आपण घ्यायचे आणि टिश्यूने पुसायचे (सगळे पुसतात, मी पण पुसतो, का ते विचारू नका). मेन्यूवर एक शब्द दिसला, गा दि बो. शब्दशः चालणारी कोंबडी! म्हणजे आपली गावठी, मोकळी फिरलेली. मांस जरा चिवट, पण चव आहे, आणि सांगितलं तर बरोबर काळीज-पेटा आणि पोटातली न घातलेली पिवळी अंडी पण देतात. ती अंडी मी लहानपणी आजोळी खाल्लेली, त्यानंतर थेट कॅलिफोर्नियात. बोलचे आकार तीन, लहान, मोठा आणि सगळ्यात मोठ्याला म्हणतात से लुआ, म्हणजे आगगाडी. आगगाडी एकदाच मागवली, परत मागवणार नाही.

वेटरला हाक कशी मारायची हा पण एक धडा होता. एक्सक्यूज मी म्हणून हात हलवत बसलं तर कोणी बघत नाही. तिथे सगळे एकमेकांना नात्याने हाक मारतात, वयाने लहान असेल तर एम, ताईच्या वयाची असेल तर ची, आत्याच्या वयाची असेल तर को, आणि पुढे 'ऑय' लावायचं, आपल्या 'अहो'सारखं. मी पहिल्यांदा घाबरत 'को ऑय' म्हटलं तर गल्ल्यावरच्या काकू खळखळून हसल्या, उच्चार चुकला असणारच, पण त्या दिवशी भाजलेल्या कांद्याची वाटी न मागता आली. आपण रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणतो त्यातलंच हे.

खायची पद्धत आता हाताला बसलीय. रस्सा दोन-तीन चमचे तसाच. मग मुगाच्या शेपट्या चॉपस्टिकने शेवयांच्या खाली दाबायच्या म्हणजे वाफेवर अर्ध्या कच्च्या राहतात, कचकच राहिली पाहिजे पण हिरवट वास गेला पाहिजे. कच्च्या नको असतील तर उकळत्या पाण्यातून काढून पण देतात. तुळशीची पानं देठ टाकून हाताने फाडून, सगळी एकदम नाही, खाता खाता थोडी थोडी, नाहीतर काळी पडतात. लिंबू अर्धी फोड. सॉस बशीत काढायचा, मांस त्यात बुडवून खायचं, बोलमध्ये थेंब नाही. चिकनबरोबर आलं घातलेलं फिश सॉसचं पाणी देतात ते तर बशीतलं संपवून मी परत मागतो. उजव्या हातात चॉपस्टिक, डाव्या हातात चमचा, आणि भुरके मारायचे बिनधास्त, आवाज झाला तर झाला, ताकाची कढी पिताना आपण काय लाजतो का? फक्त गप्पा मारत बसू नका, शेवया रस्सा पितात आणि फुगून लगदा होतो. मी फोटो काढण्यात, बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवण्यात पाच मिनिटं घालवून एक अख्खा बोल वाया घालवलाय. बिल टेबलावर मागत बसायचं नाही, उठून गल्ल्यावर जायचं, टेबल सांगायचं, शक्यतो रोख न्यायचं. पंधरा-सोळा डॉलर होतात.

ह्या उन्हाळ्यात आई आली. ती शाकाहारी, कट्टर. तिला न्यायचं म्हणून परत चौकशी, तर कळलं की त्यांच्यातले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी जेवतात, त्याला चाय म्हणतात, आणि तसली खास दुकानं पण आहेत, जिथे फिश सॉस नाही, हाड नाही, आणि कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत. आईला म्हटलं फो चाय खाऊया तर ती म्हणाली चहा नको आत्ता, रात्री झोप येत नाही.

बोल आला. मी शिकवायला तोंड उघडणार तेवढ्यात तिने चमचा घेतला, रस्सा तोंडात धरला, डोळे मिटले, आणि म्हणाली चक्रीफूल जरा जास्त झालंय, पण मुळा गोड आहे. नंतर पानांचं ताट पुढे ओढून एकेक पान चुरून वास घेतला. ही तुळशीचीच बहीण की रे. अर्धा बोल तिने संपवला, शेवया म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्या म्हणाली, नारळाचा रस हवा होता.

निघताना बघतो तर दोन देठ ओल्या टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये. मी म्हटलं आई हे काय, तर गप्प बस म्हणाली, पैसे दिलेत. घरी पाण्यात ठेवले, दहा दिवसांत मुळं फुटली, आता दह्याच्या रिकाम्या डब्यात खिडकीत झाड आहे. आई गेली परत, जाताना रोज पाणी घाल एवढं चारदा सांगून गेली. परवा त्यातली चार पानं तोडून पिठल्यावर टाकून बघितली. नाही जमलं.