पाचवीतला एचपी

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात काकांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, एक खोली आणि तिला चिकटलेली न्हाणीघराएवढी डार्करूम. डार्करूमच्या दाराला आतून एक पुठ्ठा ठोकलेला. कुठली फिल्म किती मिनिटं धुवायची याचा तक्ता त्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरांत. 'ट्रायएक्स, डी-७६, २० डिग्री' (म्हणजे कोडॅकची कृष्णधवल फिल्म, ती धुवायचं रसायन आणि त्याचं तापमान) यापुढे आधी ८ मिनिटं लिहिलेली, त्यावर काट मारून पेन्सिलीनं 'पावणेसात'. शेजारी 'नवी' असा शब्द, दोनदा अधोरेखित.

(ते २० डिग्री म्हणजे वेगळंच प्रकरण. एप्रिलात नळाचं पाणीच अंगाला चटका देणारं. मग कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायची कामगिरी माझ्याकडे. अर्धा बर्फ बादलीत, अर्धा माझ्या तोंडात.)

ही 'नवी' आली २००३च्या आसपास. कोडॅकनं फिल्म नव्या कारखान्यात बनवायला घेतली, धुण्याच्या वेळा बदलल्या, पण डबीवर नाव ट्रायएक्सच ठेवलं. बदललं एवढंच, की 'टीएक्स' या खुणेच्या आधी ४०० हा आकडा आला. ज्यानं तो पाहिला तो वाचला. काका डबीतला कागद लग्नपत्रिकेसारखा खालच्या 'आपले नम्र'पर्यंत वाचणारे, म्हणून वाचले.

नाव का बदलत नसावेत? १९५४ पासून ३५ मिलिमीटरमध्ये ट्रायएक्स वापरणाऱ्याला उद्या 'क्वाड्राएक्स' हातात दिली, तर तो दुकानदाराकडे असा बघेल की जणू तांबड्या रश्श्यात कुणी साखर घातलीय. मुळात ते 'ट्राय' तरी कुठून आलं? सुपर-एक्स, सुपर-डबल-एक्स अशी एक्सची माळ वाढत तिसऱ्या एक्सवर थांबली. माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "रमच्या बाटलीवर असतंय तसं?" असंच समजा.

'नवी' लिहून ठेवण्यातला धोका कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमचा न्यू पॅलेस १८८४ मध्ये बांधून झाला, तो अजून न्यूच आहे. काकांच्या तक्त्यावरची 'नवी'सुद्धा आता वीस वर्षांची घोडनवरी झाली.

जपानच्या फुजीनं मात्र राजेशाही वाट धरली. त्यांची अ‍ॅक्रॉस ही फिल्म २०१८ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं, चाहत्यांनी सुतक पाळलं, आणि २०१९ मध्ये आली अ‍ॅक्रॉस टू. तेही रोमन आकड्यातला दोन, महाराजांच्या नावापुढे लावतात तसा. डबा उलटून पाहिला तर 'मेड इन यूके'. म्हणजे वारस दत्तक! यात आम्हाला कसलं नवल? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. त्यांनी गादीचं नाव केवढं मोठं केलं ते अख्खा महाराष्ट्र जाणतो. त्यामुळे अ‍ॅक्रॉस टू 'खरी' अ‍ॅक्रॉस आहे का, या वादात मी पडत नाही. निगेटिव्ह बघायची आणि बोलायचं.

मला खरी गंमत वाटते ती इंग्लंडच्या इलफर्ड या फिल्म कंपनीची. त्यांची एचपी नावाची फिल्म म्हणजे हायपरसेन्सिटिव्ह पॅनक्रोमॅटिक. एवढं लांबलचक नाव अंधारात कोण घेणार, म्हणून एचपी. मग शाळेतल्या इयत्तांसारखे आकडे: दोन, तीन, चार. १९७६ मध्ये एचपी पाच आली. पुढच्या सुधारणेला सहा लागायला हवा होता. पण १९८९ मध्ये आली ती एचपी पाच प्लस. पाठोपाठ १९९० मध्ये त्यांच्याच एफपी चार या दुसऱ्या फिल्मचीही चार प्लस झाली. तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही. बहुतेक त्यांच्या लक्षात आलं असावं, की नवा आकडा दिला की गिऱ्हाईकाला वाटतं आपली फिल्म गेली. 'प्लस' लावलं की वाटतं आपलीच आहे, वर मूठभर जास्त दिलंय. मंडईत मेथीवर कोथिंबिरीची काडी टाकतात तसं. आपल्याकडे उटीच्या कारखान्यात बनायची त्या फिल्मचं नाव होतं इंदू. इंदूला प्लस लावून बघा, जिभेवर येत नाही. घरातल्या आत्याबाईंना कोण प्लस लावतं?

काकांनी तक्ता करताना 'एचपी ५' लिहिलं होतं. प्लस आली तेव्हा त्यांनी नवी ओळ केली नाही, पाचाच्या डोक्यावर एक बारीकशी फुली काढली, बस्स. स्टुडिओ मोडला तेव्हा तो पुठ्ठा मी मागून घेतला. परवा रोल धुताना फुलीवर बोट ठेवलं आणि काकांना फोन लावला.

"काका, एवढी वर्षं झाली, एचपी सहा का काढत नाहीत हो?"

पलीकडून खोकला आला, मग काका.

"पाचवीतच बसलंय लेका ते. पण पोरगं हुशार हाय. मास्तरनीच सोडलं नसंल."