तुम्ही विचारलंत म्हणून: औषधं घरपोच का देत नाही

"ताई, गोळ्या घरी धाडून देता का?" सांगलीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात दिवसातून पाच-सहा वेळा तरी हा फोन येतो. मी नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "अ‍ॅपवाले देतात की. किराणावाला पिठाची पिशवी पोचवतो, तुमचं तर एवढंसं पाकीट." काहीजण रागावून फोन ठेवतात. मला माज आलाय, हेही कानावर आलंय. आजवर मी "नियम आहे" एवढंच सांगत आले. ते अर्धंच खरं होतं, म्हणून आज सगळं लिहिते.

नियमाचं आधी सांगते, कारण मी त्याच्याआडच उभी राहिले. १९४५ च्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. पण लॉकडाऊन लागल्यालागल्या, २६ मार्च २०२० ला, केंद्राने परवाना असलेल्या दुकानांना घरपोच औषधं द्यायची मुभा दिली. चिठ्ठी ईमेलने आली तरी चालेल, गुंगीची आणि शेड्यूल एच-वन, एक्समधली, म्हणजे जास्त कडक नियमांच्या यादीतली औषधं वगळायची, आणि शेड्यूल एचची, म्हणजे नेहमीची चिठ्ठीवरची औषधं आपल्याच महसुली जिल्ह्यात पोचवायची. म्हणजे सांगलीतून मी लांब जतला पाठवू शकत होते, पण अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूरला नाही, कारण तो कोल्हापूर जिल्हा. आमच्या देशपातळीवरच्या संघटनेने पुढे ती अधिसूचना मागे घ्यायची मागणी केली, कारण तिच्या आधाराने ऑनलाइनवाल्यांचं फावतं. ती मागणी मला पटते. आणि त्याच मुभेवर मी दोन वर्षं औषधं पोचवली, हेही खरं.

त्याच्याही आधी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा मी कुठलाच नियम बघितला नव्हता. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं, म्हणून बर्फाच्या पिशव्या घालून थर्माकोलचे डबे बांधले आणि बोटीतून जाणाऱ्या पोरांच्या हातात दिले. कुणाची चिठ्ठी होती, कुणाची नव्हती. त्या आठवड्याइतकी मी दुकानाच्या कामात स्वतःला उपयोगी कधीच वाटले नाही. आज घरपोच म्हटलं की नाही म्हणते, तेव्हा माझ्यातलीच ती पुरातली बाई मला विचारते, तुझं तत्त्व तेव्हा कुठं होतं? तिला मी सांगते की तेव्हा लोक छपरावर होते. ती म्हणते, आत्ताही काही लोक छपरावरच आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच.

आता हरिपूरच्या काकूंचं.

२०२२ चा पावसाळा. काकू एकट्या राहतात, मुलगा पुण्यात. संधिवाताने हाताची बोटं वाकडी व्हायला लागली होती. मुलाने नव्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि म्हणाला, "ताई, एवढं आईला पोचवा, पैसे टाकलेत." चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होतं, आठवड्यातून एकदा, रविवारी. बाकीचे सहा दिवस फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. आमच्या धंद्यात ही जोडी माहीत नसलेला माणूस नसेल. मेथोट्रेक्सेट रोज गेलं तर जीव जाऊ शकतो.

मी दोन वेगळ्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पोचवणाऱ्या पोराला दोनदा सांगितलं. काकूंना फोन करायचा ठरवलं होतं. दुकानात सहा-सात जण उभे होते, फोन राहून गेला. रात्री आठवलं तेव्हा वाटलं, लिहिलंय की आपण.

काकू देवळात गेल्या होत्या. पोराने पिशवी शेजारच्या वहिनींकडे दिली आणि सांगायचं ते त्यांना सांगितलं. पाकिटं पावसाने भिजली होती, म्हणून वहिनींनी गोळ्यांचे पत्ते बाहेर काढून कोरड्या पिशवीत घातले. काकू आल्यावर निरोप दिला: एक फक्त रविवारी, दुसरी बाकीचे दिवस. निरोप बरोबरच होता. एक कुठली आणि दुसरी कुठली, तेवढंच सुटलं.

नवव्या दिवशी मुलाचा फोन आला. "आईचं तोंड आलंय, पाणीसुद्धा जाईना. एखादं जेल पाठवता का पोराबरोबर?" मी म्हटलं, पाठवते. जेलचं खोकं काउंटरवर काढून ठेवलं होतं. बिल करायला त्यांचं नाव टाकलं आणि खालीच मागचं बिल दिसलं. ते वाचल्यावर मी खुर्चीतून उठले कशी, मला सांगता येत नाही. दुकान तसंच सोडून स्कूटर काढली. काकू कॉटवर पडल्या होत्या, अंग तापलेलं. डबीत बघितलं. रविवारच्या पत्त्यातल्या आठ गोळ्या संपल्या होत्या.

मी डॉक्टरांना तिथूनच फोन केला. काकूंना दवाखान्यात भरती केलं, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं दिली. अकरा दिवसांनी घरी आल्या. मुलगा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी पोचवणं बंद केलं. स्वतःला समजावलं की काउंटरवर माणूस समोर असतो, गोळी हातात धरून दाखवता येते, तो मान कशी हलवतो त्यावरून समजलं की नाही ते कळतं. हे सगळं मला आजही खरं वाटतं. पण त्या दिवशी काकू स्वतः आल्या असत्या, त्या सहा-सात जणांच्या गर्दीत, तर मी गोळी हातात धरून दाखवली असती का? हो म्हणायला जीभ रेटत नाही. मग पोचवणं बंद करून मी नेमकं काय सुधारलं?

तुमच्यातल्या कुणाला घरपोच हवंय, कुणाला नकोय आणि का, हेही मला आता जास्त कळतं. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारा एकजण म्हणाला, तुमच्या दुकानात आमच्या गल्लीतले चौघं असतात, मी मागणार कसं? दुसऱ्या एकीने पूर्वी निक्षून सांगितलं होतं, पोरगा दारात नको, सासूबाई पाकीट उघडतात. आणि सांगलीवाडीची ती बाई, नवरा अर्धांगवायूने पडून. "ह्यांना सोडून येऊ कशी ओ मी?" मी तिला नाही म्हटलं. ती आता अ‍ॅपवरून मागवते. परवा बाजारात भेटली, म्हणाली, वेळेवर येतं. नवऱ्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यावर दुखण्याची गोळी मनाने देऊ नका, असं मी तिथंच भाजीच्या पिशव्या धरून सांगितलं. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. माझं बरोबर निघालं, पण मला आनंद झाला नाही. तिच्या दारात जायला मीच नाही म्हटलं होतं.

काकूंना डॉक्टरांनी काही महिन्यांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली. त्या एका घरी मी स्वतः जाते, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुकान बंद केल्यावर. त्या म्हणतात, "तू कशाला येतीस बाई एवढ्या रात्री, पोराला धाड की." मी डबी पुढे करते आणि विचारते, उद्याची कुठली? गेल्या वेळी त्यांनी आधी दुसरीच उचलली. मी काही बोलले नाही. त्यांनी ती दिव्याकडे धरून बघितली, परत ठेवली, आणि मग रविवारची काढली.