म्युच्युअल फंडाचे विश्वस्त कोणाला जबाबदार असतात?

कोल्हापूरच्या माणसाला संस्थाचालकांना जाब विचारायची सवय आहे. दूध संघ असो, साखर कारखाना असो किंवा पेठेतली पतसंस्था, वार्षिक सभेत अहवालाचे पान उघडून ‘हा खर्च कशापायी?’ असे उभे राहून विचारणारा सभासद इथे हमखास भेटतो. तोच सभासद दरमहा एसआयपी भरतो, पण त्या फंडाचे विश्वस्त कोण आहेत हे त्याला ठाऊक नसते. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्यांना फंड मॅनेजरचे नाव पाठ असते. विश्वस्तांची चौकशी मात्र कोणी केल्याचे आठवत नाही.

कायद्याने पाहिले तर गुंतवणूकदाराचे पहिले नाते विश्वस्तांशीच असते. आपल्याकडे म्युच्युअल फंड हा १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाखालील ट्रस्ट असतो. प्रायोजक तो स्थापन करतो, विश्वस्त युनिटधारकांसाठी, म्हणजे गुंतवणूकदारांसाठी, मालमत्ता धारण करतात आणि गुंतवणुकीचे रोजचे काम ॲसेट मॅनेजमेंट कंपनीकडे, म्हणजे एएमसीकडे, करार करून सोपवतात. शेअर आणि रोखे कस्टोडियनच्या, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेच्या, ताब्यात राहतात. काम सोपवले म्हणून विश्वस्तांची देखरेखीची जबाबदारी संपत नाही.

या अधिनियमाच्या कलम १५ नुसार, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील, तितक्या काळजीने विश्वस्ताने ट्रस्टची मालमत्ता सांभाळली पाहिजे. यात परताव्याची हमी कुठेही नाही, आणि नेमके हेच आपल्या लोकांना पटवून देताना घसा कोरडा पडतो. बाजार कोसळून युनिटचे मूल्य घटले म्हणून कोणी दोषी ठरत नाही; परंतु योजनेच्या दस्तऐवजात लिहून दिलेली मर्यादा ओलांडून गुंतवणूक केली किंवा प्रायोजकाच्या सोयीसाठी युनिटधारकांचे हित मागे टाकले, तर मूल्य वाढलेले असले तरी कर्तव्यभंग तो कर्तव्यभंगच.

खरी अडचण नेमणुकीत आहे. एएमसीच्या नक्त मूल्यात किमान ४० टक्के वाटा असणारा प्रायोजकच विश्वस्तांचीही व्यवस्था करतो. म्हणून दोन तृतीयांश विश्वस्त प्रायोजकाशी संबंध नसलेले असावेत, असे बंधन सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाने १९९६ च्या विनियमांत घातले. तरीही विश्वस्तांच्या टेबलावर येणारी बहुतेक माहिती एएमसीच पुरवते, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच दाखवलेले पाहून निर्णय करायचा, ही व्यवस्था मला कायम लंगडी वाटत आली आहे. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या बदलांनी शुल्क वाजवी आहे का आणि योजनेची कामगिरी मानदंडाच्या (बेंचमार्कच्या) तुलनेत कशी आहे, अशा बाबी विश्वस्तांची मूळ जबाबदारी म्हणून निश्चित केल्या, तसेच एएमसीच्या संचालक मंडळाला युनिटधारक संरक्षण समिती नेमणे भाग पाडले. पाऊल योग्य आहे, पण उशिरा पडले.

उशिरा म्हणण्याचे कारण फ्रँकलिन टेम्पलटनचे प्रकरण. २३ एप्रिल २०२० रोजी या फंडाने सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचे जाहीर केले आणि सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकून पडले. राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांची रक्कम त्यांत होती. डिसेंबरात ई-मतदानाचा ईमेल आला, तेव्हा त्याची छापील प्रत घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “होय म्हणू की नको, तेवढं सांगा की!” त्या प्रतीत दोनच पर्याय होते, पण ते मत मागणे ही फंडाची मेहेरबानी नव्हती, हे त्यांना समजावायला बराच वेळ लागला. बहुसंख्य विश्वस्तांनी योजना गुंडाळायचे ठरवले, तर युनिटधारकांची संमती घेतली पाहिजे, असे सेबीच्या त्या विनियमांतील विनियम १८ सांगत होता. विश्वस्तांच्या मते त्यांचा निर्णय पुरेसा होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२० रोजी संमती आवश्यक ठरवली. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२१ मध्ये तेच कायम केले. मात्र ही संमती विश्वस्तांनी कारणांसह नोटीस प्रसिद्ध केल्यानंतर घ्यायची असून, मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची संमती पुरेशी आहे, असे स्पष्ट केले.

पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले, तेव्हा ‘मग बिघडले काय?’ असे अनेकांनी मला विचारले. बिघडले ते हे की, आपली संमती विचारली जाण्याचा हक्क न्यायालयातून मिळवावा लागला. जून २०२१ मध्ये सेबीने एएमसीला पाच कोटी रुपयांचा दंड केला, विश्वस्त कंपनीवरही स्वतंत्र दंडाची कारवाई झाली आणि त्या आदेशांविरुद्ध अपिलेही झाली.

पतसंस्थेच्या सभासदासारखी वार्षिक सभा युनिटधारकाला नसते. त्याचे हक्क प्रसंगापुरते असतात. योजनेच्या मूळ स्वरूपात बदल होणार असेल, तर लेखी सूचना आणि एक्झिट लोडशिवाय, म्हणजे पैसे काढण्याचे शुल्क न देता, बाहेर पडण्याची संधी मिळते. ७५ टक्के युनिटधारकांनी ठराव केला, तर योजना गुंडाळता येते. विखुरलेल्या लाखो गुंतवणूकदारांचे ७५ टक्के कोण आणि कसे जमवणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्यामुळे हाताशी उरतो तो वार्षिक अहवालातला विश्वस्तांचा अहवाल, आणि वेळ आलीच तर सेबीचे स्कोअर्स हे तक्रार पोर्टल. तक्रार आधी एएमसीकडे करावी आणि ती लिहिताना ‘माझे नुकसान झाले’ एवढ्यावर थांबू नये. योजनेच्या दस्तऐवजातील कोणत्या अटीचा, कोणत्या तारखेला, कोणत्या व्यवहारात भंग झाला हे लिहावे, सोबत स्टेटमेंटची प्रत जोडावी आणि विश्वस्तांनी याबाबत काय केले, असा थेट प्रश्न शेवटी विचारावा.